धुतलेले चौकोन

यंदा पावसाळा संपला तरी आभाळाला ते कुणी सांगितलं नव्हतं. दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, तरी सकाळी इच्छापूरच्या बागांत पानापानावरून पाणी टपकत होतं. केळीवर करपा पडला. आधी पानाला पिवळे ठिपके, मग काळपट रेघा, मग कडेपासून पान वाळत यायचं. ज्याच्या त्याच्या बागेत फवारणी निघाली आणि जो तो हिरामणला शोधत त्याच्या दाराशी येऊ लागला.

हिरामण पन्नाशी उलटलेला, अंगानं काटक माणूस. पाठीवर पंप, डाव्या हातात दांडा, उजव्या हातात नळी, आणि डोक्यातोंडाला गमछा गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे. पानावर वरून औषध मारणारे गावात पुष्कळ होते. हा वाकून, मान वर करून, पानाच्या पोटाला मारायचा आणि वरून गळेल ते सगळं अंगावर घ्यायचा. बाग सुधारायची, मालक खूष व्हायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच बोलवायचे.

पण माणूस कामाला हवा असला म्हणजे तो शेजारी बसायलाही हवा असतो असं नाही. वर्षभरापासून हिरामणच्या मानेवर, गालांवर आणि हातांवर चट्टे उठले होते. आधी लाली, मग खाज, मग खपली, आणि खपली निघाली की चिरा. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि हा लागणारा रोग नाही असंही सांगितलं. डॉक्टरचं ते बोलणं दवाखान्याच्या पायरीवरच राहिलं, गावापर्यंत काही आलं नाही. गावात कुजबूज मात्र न बोलावता आली. टपरीवर सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा मिळायचा आणि हिरामणला कागदी पेल्यात. दिगंबर पाटलांच्या बागेत तो सगळ्यांत जास्त राबायचा, आणि तेच पाटील त्याला पाणी देताना तांब्या उंच धरून ओंजळीत धार सोडायचे. हिरामण ओंजळ पुढे करायचा आणि पिऊन घ्यायचा. तहानलेल्या माणसानं पाण्यावर रुसून कसं चालेल?

हे सगळं त्यानं पोटात घातलं असतं. घरातलं मात्र पोटात मावत नव्हतं. त्याचा मुलगा प्रवीण बुऱ्हाणपूरला मालवाहू टेंपोवर होता, आठवड्याला एकदा यायचा. सून छाया आणि तिची तान्ही पोर बिट्टी घरीच असायच्या. पोर झाली तेव्हा पहिले काही दिवस हिरामणनं तिला मनसोक्त घेतलं. मग तिच्याही गालांवर लाल पुरळ आलं. छायानं भांडण काढलं नाही. भांडकुदळ बाई नव्हतीच ती. पण तेव्हापासून हिरामण दारात आला की ती पोरीला कडेवर घेऊन आत निघून जायची. जाता जाता पोर तिच्या खांद्यावरून आज्याकडे दोन्ही हात पसरायची, आणि हिरामण चप्पल काढायचं निमित्त करून खाली वाकायचा.

आता गंमत बघा. हिरामण पोरीला कित्येक महिन्यांत शिवला नव्हता, तरी पुरळ काही जात नव्हतं. पण हा हिशोब कुणी केला नाही. एकदा कुणाकडे बोट दाखवलं की माणसं पुन्हा बघायचे कष्ट घेत नाहीत.

त्या दिवशी पाटलांच्या बागेत हिरामण पंप भरत होता, तेवढ्यात बांधावरून पाटील आले. त्यांच्यामागे सलवार-कमीजमधली एक तरुण बाई आणि पाठीवर दोन बॅगा घेतलेला एक पोरगेलासा माणूस.

"हिरामण, हे पाहाय काय नवीन," पाटील म्हणाले. "आजवर घड तोलत होते. आता तुह्या अंगावरचं औषध तोलू राहिले."

बाईनं पाटलांच्या विनोदावर मान हलवली, हसली नाही. हिरामणकडे वळून म्हणाली, "काका, मी गायत्री. बुऱ्हाणपूरला कॉलेजात शिकवते. हे भूपेंद्र, माझ्याबरोबर काम करतात. फवारताना झाडावर औषध किती पडतं ते सगळे बघतात. माणसाच्या कातडीवर किती पडतं ते कोणी बघत नाही. तेच मोजायचं आहे. तुमची मर्जी असेल तरच हां, जबरदस्ती बिलकुल नाही."

"मोजून काय होईन बाई?"

"कुठून लागतं ते कळलं तर तिथं अडवता येईल ना."

हिरामणला तेवढं पटलं. खरं सांगायचं तर, मर्जी आहे का असं त्याला गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणूनही पटलं.

गायत्रीनं पिशवीतून गॉजचे पांढरेशुभ्र चौकोन काढले. भूपेंद्रनं ते सेफ्टी पिनांनी त्याच्या कपड्यांना लावले. छातीवर, पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर, नडग्यांवर. काही सदऱ्याच्या आतून बनियनला, आणि एक गमछ्याच्या आत, गालाजवळ. मग गायत्रीनं पंपात थोडी पावडर कालवली.

"हे विषारी नाही काका. औषध जिथं जाईल तिथं हे पण जाईल. नंतर अंधारात एक दिवा लावला की चमकतं. बस, औषध कुठं कुठं गेलं ते आपल्याला डोळ्यांनी दिसेल."

"मी तर नवरदेव झालो," हिरामण अंगावरचे चौकोन बघत म्हणाला, आणि पंप पाठीला मारून ओळीत शिरला.

उन्हं वर येईपर्यंत त्यानं फवारलं. पाणी आणि औषध एकत्र होऊन पानावरून मानेत, मानेतून पाठीत उतरत होतं. पंपाच्या बुडातून नेहमीसारखी गळती होतीच. ओल्या पानांतून चालताना मांड्या भिजल्या. गमछा ओला होऊन गालाला चिकटला, तसा त्यानं सवयीनं त्याच गमछ्यानं तोंड पुसून घेतलं. गायत्री बांधावरून बघत होती आणि काही टिपून घेत होती.

टाकी संपल्यावर तिनं त्याला सावलीत बसवलं. एक जाड प्लास्टिकची पिशवी उघडून तिच्यात बाटलीतलं पाणी ओतलं. स्वतःच्या हातांत पातळ मोजे चढवले आणि म्हणाली, "काका, हात द्या. हात धुऊन ते पाणी बाटलीत भरायचं आहे."

हिरामणनं मोजे पाहिले आणि हात मागे घेतले. मग समजूतदारपणे म्हणाला, "घाला बाई घाला, मोजे बरे. लोक म्हणतात हे लागते."

"अहो, मोजे माझ्यासाठी नाहीत," गायत्री म्हणाली. "सकाळी मी हाताला क्रीम लावली आहे. माझ्या हाताचं तुमच्या पाण्यात उतरलं तर माप चुकेल ना. आणा इकडे."

तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. एकेक बोट धुतलं, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखांच्या कडा चोळल्या, मनगट फिरवून फिरवून धुतलं. चिरांतून झोंबलं. "झोंबतं का?" तिनं विचारलं. "नही नही," तो म्हणाला. आई गेल्यापासून त्याचे हात असे कुणी धुतले नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं औषधाच्या उग्र वासावर ढकललं. पाटलांच्या गडीमाणसांसमोर रडता येईना. तो नुसता हात देऊन बसून राहिला.

ते पाणी गायत्रीनं बाटलीत भरलं, बाटलीला त्याच्या नावाची चिठ्ठी लावली आणि थंड डब्यात ठेवली. एवढ्या जपून पाटील आपलं तूपसुद्धा ठेवत नसतील.

"काका, आता तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "सुपडूभाऊ तिकडे पलीकडच्या बागेत फवारत आहेत, त्यांचं करून आम्ही येतो. घरात अंधार होईल अशी खोली आहे का? तिथं दिवा लावून फोटो घेऊ आणि मगच हे चौकोन काढू. तोवर कपडे उतरवायचे नाहीत. चौकोनांना हात लावायचा नाही. एवढं लक्षात ठेवा."

"हाव," हिरामण म्हणाला, आणि त्यानं ते खरंच लक्षात ठेवलं. त्यानं एकट्यानं ठेवून भागणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

घरी येऊन तो ओट्यावर अंग चोरून बसला. बायको इंदुबाई आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि बघतच राहिली.

"हे काय सोंग?"

हिरामणनं सगळं सांगितलं. शेवटी, सांगायला नको होतं तेही सांगितलं. "ते बाई आपल्या घरी येऊ राहिली. शहरातली. कॉलेजातली."

इंदुबाईला बाकीचं काही ऐकू आलं नाही.

"घरी येऊ राहिली, आणि तुम्ही असे बसान? घामानं, औषधानं चिंब? उठा आधी."

"कपडे काढायचे नही. तिनं सांगितलं."

"ते सांगतेच. शिकलेली पोर आहे, तोंडावर कशी म्हणेन की तुमची घाण वाटते? आपल्याले नको का समजायले?" मग तिची नजर चौकोनांवर गेली. "आणि हे फडके कोणाचे?"

"तिचेच."

"परत द्यायचे?"

"हाव."

इथं सगळं ठरलं. इंदुबाईच्या उभ्या आयुष्यात शेजारणीचं भांडं या घरातून कधी खरकटं परत गेलं नव्हतं आणि रिकामंही गेलं नव्हतं. विरजणाची वाटी आणली तर घासूनपुसून, तिच्यात चिमूटभर साखर घालून द्यायची. परक्याची वस्तू आपल्या नवऱ्याचा घाम लावून तशीच त्याच्या हातात ठेवायची, हे तिला मेल्यावरसुद्धा जमलं नसतं. हिरामण नको नको म्हणत असताना तिनं त्याचा सदरा उतरवला, बनियन उतरवलं, सगळ्या पिना काढून एका वाटीत जमा केल्या. त्याला धुतलेलं बनियन-धोतर दिलं. आंघोळीला पाणी तापलं नव्हतं म्हणून तेवढी राहिली. आणि ती मोरीजवळच्या दगडावर बसली.

साबणाची पावडर टाकून तिनं ते चौकोन असे चोळले की गॉजचे धागे सुटायचे बाकी राहिले. सदरा आपटला, बनियन पिळलं, गमछ्याचं पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत तो खंगाळला. उन्हात पत्र्यावर चौकोन वाळले, तेव्हा तिनं गरम तांब्या फिरवून त्यांना इस्त्री केली. स्टीलच्या ताटलीत त्यांची चळत लावली आणि शेजारी साखरेची वाटी ठेवली. मग पदराला हात पुसत आत गेली. छायानं चहाचं आधण ठेवायला घेतलं होतं, म्हणून तिच्याकडची पोर कडेवर घेतली. पोरीची लाळ गळत होती. आजीनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं, गालांवरून हनुवटीपर्यंत नीट पुसलं, आणि पाहुण्यांची वाट बघत दारात उभी राहिली.

गायत्री आणि भूपेंद्र आले. पाणी झालं. इंदुबाईनं छायाकरवी ताटली पुढे केली.

भूपेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "अरे बाप रे. मॅडम, धो दिया सब."

गायत्रीनं वरचा चौकोन उचलला. दुधासारखा पांढरा. अख्ख्या सकाळची मेहनत तिच्या हातात होती आणि तिच्यात काही उरलं नव्हतं. तिचा चेहरा उतरलेला हिरामणनं पाहिला आणि त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ज्या बाईनं आपले हात धुतले, तिचंच आपण असं करून ठेवलं.

"मी सांगितलं होतं हिले," तो खाली बघत म्हणाला.

"तुमची वस्तू ना बाई," इंदुबाई गोंधळून म्हणाली. "मळकी कशी परत देऊ?"

दुसरी कुणी असती तर ओरडली असती, आणि तिला कुणी नावं ठेवली नसती. गायत्री खाटेवर टेकली. छायानं दिलेला चहा तिनं हातात घेतला, दोन घोट घेतले, तेव्हा तिच्या तोंडावर थोडं हसू आलं.

"काकू, इतके स्वच्छ तर ते आणले तेव्हाही नव्हते," ती म्हणाली. "कशानं धुतले?"

"हातानंच. दगडावर."

"काकांचे फवारणीचे कपडे रोज तुम्हीच धुता?"

"मग कोण धुईन?"

"हातानंच?"

"हाव."

गायत्रीनं कप खाली ठेवला. इंदुबाईच्या कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्यांकडे, पदराकडे, आणि कडेवरच्या पोरीकडे ती बघत राहिली. "भूपेंद्र, दिवा काढा," ती म्हणाली.

मागच्या खोलीत प्रवीणचे रिकामे क्रेट रचलेले होते. भूपेंद्रनं खिडकीला पोतं अडकवलं, दार ओढून घेतलं. भर दुपारी खोलीत मिट्ट काळोख झाला. मग जांभळा दिवा लागला.

आधी हिरामण. त्याचं धुतलेलं बनियन निळसर उजळलं. "ते निळं साबणाचं, ते सोडून द्या," गायत्री म्हणाली. "पिवळं-हिरवं दिसेल ते आपलं." तिनं त्याला बनियन काढायला लावलं. पाठीवर, पंप टेकतो तिथं, पिवळा-हिरवा मोठा डाग होता आणि तो कमरेपर्यंत ओघळला होता. मानेभोवती, दोन्ही गालांवर, हनुवटीखाली, जिथं जिथं गमछा बसला होता तिथं तिथं उजेड होता. चट्टेही बरोबर तिथंच होते.

"गमछ्यात औषध मुरतं," गायत्री म्हणाली. "तुम्ही वाचायला म्हणून बांधता आणि ते दिवसभर गालाला चिकटून राहतं. काका, हा काही रोग लागलेला नाही तुम्हाला. ज्याच्या अंगावर औषध जाईल त्याला हे होईल. हात दाखवा."

हिरामणनं हात पुढे केले. दोन्ही हात काळोखासारखे काळे. एका नखाशी बारीकसा ठिपका, बाकी काही नाही.

"हे आपण धुतले होते ना. एकदम साफ."

"काकू, आता तुम्ही."

"माह्यावर काय? मी कुठी बागेत जाते?" असं म्हणत इंदुबाईनं पोरीला डाव्या कडेवर घट्ट धरून उजवा हात पुढे केला. बोटांच्या पेरापेरांतून, नखांच्या कडांतून, तळहाताच्या रेघांतून पिवळा-हिरवा उजेड निघाला. कोपरापर्यंत शिंतोडे होते. पदराचं टोक पेटल्यासारखं दिसत होतं. छाया दाराशी होती, ती पुढे आली. गायत्रीनं दिवा हळूच पोरीकडे वळवला.

बिट्टी दिव्याकडे बघून हसत होती. तिच्या दोन्ही गालांवरून हनुवटीपर्यंत, पदर जसा फिरला होता तसाच पुसट पट्टा उमटला होता. पुरळ होतं नेमकं तिथं. आणि झबल्यावर, पाठीशी, आजीची पाचही बोटं.

"मी?" इंदुबाई म्हणाली. तिनं पोरीला अंगापासून लांब धरलं, पण टाकणार कुठं, म्हणून तशीच धरून राहिली. "मी तं हिले जमिनीवर टेकू देत नही व माय. मीच लावू राहिली होती?"

"काकू, तुम्हाला कुठं माहीत होतं?" गायत्री म्हणाली. "मला तरी कुठं माहीत होतं? मी फक्त काकांना मोजून निघून गेले असते. तुम्ही धुतलं नसतं तर हे आज कोणालाच दिसलं नसतं. आता दिसलं, आता थांबवता येईल." मग तिनं एकेक गोष्ट सावकाश सांगितली. कपडे वेगळ्या बादलीत, हातात लांब मोजे घालून धुवायचे. काम झालं की विहिरीच्या मोटारीवरच अंग धुऊन यायचं. पंपाची गळती पाटलांना काढायला लावायची, ते ती आज स्वतःच सांगून जाणार होती. पोरीला डॉक्टरकडे न्यायचं आणि औषधाचं नाव सांगायचं. इंदुबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला ती पदराकडे हात नेत होती आणि अर्ध्यातून मागे घेत होती.

"बाई, दाखवलं ते लय बरं केलं," ती शेवटी म्हणाली. "देवीनंच धाडलं तुम्हाले."

छाया पोरीच्या गालांवरचा पट्टा बघत होती. कित्येक महिन्यांचा हिशोब तिच्या डोक्यात एकदम झाला असावा. तिनं सासूच्या हातातून पोर घेतली. "आत्या, तुम्ही आधी हात धुवा. हिलाही धुवायचं, मी पाणी ठेवते," असं म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं. भूपेंद्र दिवा धरून होता, गायत्रीच्या हातात कॅमेरा होता. हिरामण भिंतीला पाठ लावून, पोरीपासून जमेल तेवढा लांब, सवयीनं अंग चोरून उभा होता.

छाया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली. "हिला धरा."

"मले?"

"तुमचेच हात साफ आहेत."

हिरामणनं गायत्रीकडे पाहिलं. "धरा काका. फक्त गालाला, छातीला लावू नका, आंघोळ व्हायची आहे तुमची."

त्यानं हात लांब केले आणि छायानं त्या हातांवर पोर ठेवली. अंगाला लागू नये म्हणून त्यानं तिला काखेत हात घालून तसंच समोर, हातभर लांब धरलं. पोर पाय झाडत होती, आज्याच्या मिशांकडे झेपावत होती, आणि तो मान मागे घेत हसत होता. भरलेला पंप दिवसभर पाठीवर वागवणाऱ्या माणसाचे दंड थरथरायला लागले. भूपेंद्रनं खिडकीचं पोतं काढलं, खोलीत ऊन आलं, गायत्रीनं सामान आवरलं, तरी तो जागचा हलला नाही. इतक्या महिन्यांत ती केवढी जड झाली होती. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, याचं त्याला भारी बरं वाटत होतं.

छाया पाण्याची बादली घेऊन आली. तिनं बोट बुडवून पाहिलं आणि पोरीला घ्यायला हात पुढे केले.

"कोमट आहे मामा. द्या इकडे."

"कढत असेन व," हिरामण म्हणाला. "जरा निवू दे."

छायानं पुन्हा एकदा पाण्यात बोट घातलं. पाणी आंघोळीजोगतं होतं. तिनं सासऱ्याच्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि पाणी निवायची वाट बघत शेजारी बसली.